थ्री नॉट थ्री आणि जवसाचं तेल

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या मागण्यांना एक ठरलेला चढता क्रम असतो. पहिली काही वर्षं ते काहीच मागत नाहीत. उलट 'इकडून काय पाठवू?' असं आपल्यालाच विचारतात आणि आपणही 'कशाला उगाच' म्हणत म्हणत यादी सांगतो. मग पापड, काळा मसाला, लोणचं यांचे दिवस येतात. पुढे केस पिकू लागले की पितळी समई, पाटा-वरवंटा, जातं अशा, विमानतळावरच्या काट्याला घाम फोडणाऱ्या वस्तू सुरू होतात. (वाशीमहून न्यू जर्सीला गेलेलं एक जातं मला ठाऊक आहे. त्यावर सध्या कुंडी ठेवलेली आहे.) आमच्या घराण्यानं हे सगळे टप्पे यथासांग पार पाडले होते. त्यामुळे पुतण्याचा फोन आला आणि "काका, एक काम होतं," असं तो म्हणाला, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन सावरून बसलो.

"काका, मला एका रायफलचा स्टॉक हवाय. लाकडाचा."

माझी सारी नोकरी सहकारी खरेदी-विक्री संघात गेली. स्टॉक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे युरियाची पोती उभी राहतात. रायफलींचा स्टॉक म्हणजे किती नग, असं मी विचारणार होतो. पण शेजारी तूर निवडत बसलेल्या सौ.नं तेवढा एकच शब्द ऐकला आणि सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बंदूक? आपल्या घरात? त्याला म्हणावं, पापड पाठवते."

खुलासा व्हायला दोन रविवार लागले. स्टॉक म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग. आपण ज्याला दस्ता म्हणतो तो. आणि बंदूक खरी नव्हे, खेळातली. एअरसॉफ्ट नावाचा एक खेळ आहे. जपानात खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक निर्बंध. म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी १९७०च्या दशकात खेळण्यातल्या बंदुकांवर आपली हौस भागवायला सुरुवात केली आणि पुढे ते लोण जगभर पसरलं. बंदूक दिसायला हुबेहूब. आत मात्र स्प्रिंग, गॅस नाही तर बॅटरीवरची मोटर. आणि तिच्यातून सुटते ती सहा मिलिमीटरची, तुरीच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी. डोळ्यांवर जाड चष्मे चढवून दोन टोळ्या रानात शिरतात आणि एकमेकांवर गोळ्या झाडतात. त्या गोळीचा डाग पडत नाही. म्हणून ज्याला लागली त्यानं आपण होऊन हात वर करायचा, 'मला लागली' असं ओरडायचं आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसायचं.

हे ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आमच्या गल्लीत लगोरी खेळताना चेंडूचा गोल लाल वळ पाठीवर उमटलेला असतानाही 'लागलाच नाही, देवाशप्पथ' म्हणणारे वीर मी पाहिलेले आहेत. त्यांतले दोघं पुढे पंचायत समितीत निवडून आले. असला खेळ आपल्याकडे रुजणं अवघड आहे.

पुतण्या आता पन्नाशीला टेकला. हुद्द्यानं मोठा इंजिनिअर. या वयात माणसानं गुडघ्याला तेल लावून बसावं, तर हा दर रविवारी झुडपांत पालथा पडतो. त्यानं तिकडे एक थ्री नॉट थ्री घेतली होती. म्हणजे तिची नक्कल. पण तिचं लाकूड लाकूड नव्हतं. लाकडाच्या रेघा उमटवलेलं प्लॅस्टिक होतं. शिवाय तिकडच्या कायद्याप्रमाणे असल्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी टोपी असावी लागते. "टोपीचं चालेल, काका," तो म्हणाला, "पण स्टॉक खरा पाहिजे. बाबांची रायफल होती तसा."

बाबांची रायफल!

पुतण्याचे बाबा म्हणजे आमचे दादा. तीन वर्षांपूर्वी ते तिकडेच गेले. १९७१ साली अमेरिकेला जाताना दादांनी सोबत काय काय नेलं याची यादी आईनं एका वहीत लिहून ठेवली होती. त्यात दोन स्वेटर, एक गीता आणि चार शेर जवसाची चटणी आहे. रायफल नाही.

रायफलची खरी हकीकत अशी. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. आपले जवान त्या बर्फात याच थ्री नॉट थ्री घेऊन लढले. एक गोळी झाडायची, खटका मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. त्या युद्धानंतर सरकारनं १९६३ मध्ये कॉलेजातल्या पोरांना एन.सी.सी. सक्तीची केली आणि ती १९६८पर्यंत तशीच राहिली. त्या पाच वर्षांच्या सापळ्यात आम्ही दोघं भाऊ नेमके सापडलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं (आमचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला) आणि कॉलेजसाठी अकोल्यालाच खोली करून राहावं लागे. पहाटे थंडीत मैदानावर जायचं, 'बाजू शस्त्र', 'सलामी शस्त्र' करायचं आणि मग मिळणाऱ्या पुरीभाजीसाठी देशावरचं प्रेम जागृत ठेवायचं, असा तो कार्यक्रम. रायफलचं वजन चार किलोच्या आसपास. कागदावर हे वजन काही फार नाही. पण छातीसमोर उभी धरून हवालदार मागच्या रांगेतल्या कुणाला तरी शिव्या देत असताना ते तासाला दोन किलोनं वाढतं.

तिचं नावही आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. नळीचा व्यास इंचाचे हजारांश ३०३, म्हणून थ्री नॉट थ्री. त्यातला 'नॉट' म्हणजे शून्य. पण आमच्या वर्गातल्या एकाचं म्हणणं, 'तीन नाही तीन, तर मग आहेत तरी किती?'

वर्षाकाठी एकदा चांदमारी असे. दादांच्या वाट्याला आलेल्या गोळ्या पाच. हे मी छातीठोक सांगतो, कारण गोळ्या मोजून मिळत आणि रिकामी पितळी टोपणं मोजून परत द्यावी लागत. दादांनी डोळा मिटून (दोन्ही, असं त्यांच्या शेजारच्याचं म्हणणं) पाच गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद कोरा करकरीत राहिला. शेजारच्याच्या कागदावर मात्र पाचाऐवजी सहा भोकं निघाली आणि त्याला शाबासकी मिळाली. दादांच्या उरलेल्या चार गोळ्यांचा तपास अद्याप लागलेला नाही.

ही गोष्ट समुद्र ओलांडताना वाढली. न्यू जर्सीतल्या बर्फात मुलांना झोपवता झोपवता पाचाच्या पन्नास झाल्या, चांदमारीची सरहद्द झाली, आणि पुतण्याला पहिली मिसरूड फुटली तोवर दादा लडाखला जायचे थोडक्यात राहिले होते. मी एकदा तिकडे गेलो असताना दादांनी मुलांसमोर ती गोष्ट माझ्या तोंडाकडे न पाहता सांगितली होती. मीही माझ्या ताटाकडे पाहून ऐकली होती.

हिवाळ्यात पुतण्या आला. सोबत एक बॅग आणि बॅगेत एक प्लॅस्टिकचा अस्थिपंजर. बंदुकीच्या लोखंडी भागांची मापं घेऊन त्यानं घरच्या थ्री-डी छापखान्यावर त्यांची हुबेहूब प्लॅस्टिकची प्रत काढून आणली होती, म्हणजे तिच्यावर लाकूड बसवून पाहता येईल. बंदुकीबद्दल त्याला काय माहीत नव्हतं ते विचारा. तिची यंत्रणा जेम्स पॅरिस ली याची. एनफिल्ड हा लंडनजवळचा सरकारी कारखाना. दादांच्या हातातली होती ती १९०७ सालचा मार्क तीन नमुना. आणि आपल्याकडे त्या कोलकात्याजवळ ईशापूरला बनत. मी ज्या वस्तूखाली चार वर्षं घाम गाळला तिची कुंडली मला साठ वर्षांनी, अमेरिकन उच्चारांत कळत होती. "आणि काका, उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२०च्या रिपब्लिक डेला निरोप दिला!" म्हणजे शंभरी गाठून मगच बाई निवृत्त झाली. आम्हाला अठ्ठावन्नला घरी पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे वकील आले. आमच्या गल्लीत कुणाकडे कूकरची चौथी शिट्टी झाली तरी वकिलांना कळतं. "१९५९चा शस्त्र कायदा," ते पाटावर बसता बसता म्हणाले, "सुट्या भागांनाही लागू आहे, हे ठाऊक आहे ना?" सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं, की चहा आता जामीन मिळाल्यावरच. मग चहा आला आणि वकिलांना कायद्याचा पुढचा भाग आठवला. त्याच कायद्यानं शेतीची अवजारं, काठी, हातातली फिरायची छडी यांना वगळलेलं आहे. आणि जे खेळण्याखेरीज दुसऱ्या कशाच्या कामी येत नाही, ज्याचं खरं शस्त्र करता येत नाही, तेही वगळलेलं आहे. पुतण्यानं प्लॅस्टिकचा पंजर दाखवला, याची मापं आतून वेगळी आहेत, खऱ्या बंदुकीवर हा दस्ता बसणारच नाही, हे समजावून सांगितलं. वकिलांनी तो खांद्याला लावून पाहिला, खिडकीतून नारळाच्या झाडावर नेम धरला आणि तोंडानं 'ठ्यांव' असा आवाज काढला. खेळणं आहे, हे तिथेच सिद्ध झालं.

आता प्रश्न कारागिराचा. वाशीमात सुतार पुष्कळ, पण ते आता प्लायवूड कापतात, त्यावर सनमायका चिकटवतात. त्यात त्यांचा दोष नाही. लोक तेच मागतात. कारंज्याला काष्ठासंघी जैन मंदिरातलं लाकडी कोरीव काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना या भागात लाकडावर एके काळी काय काय चालत असे ते कळेल. पण ते कारागीर कधीचे गेले. शेवटी मी म्हटलं, आपल्या गावाकडचा वाढई पाहू. आमच्याकडे सुतार म्हणत नाहीत, वाढई म्हणतात. वय माझ्याएवढंच, लहानपणी आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो, म्हणजे एकाच दिवशी बुडता बुडता वाचलो. सारा जन्म त्यानं तिफणी, वखर, डवरे, बैलगाड्या केल्या. ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्रं आली, बैल गेले आणि त्याचा रंधा खुंटीला लागला. पोरगा पुण्यात मॉड्युलर किचन बसवतो.

त्यानं पुतण्याची चित्रं उलटीसुलटी पाहिली.

"हे काय व्हय?"

"बंदुकीचा दस्ता."

"मंग दांडा म्हना ना, भाऊ! कुऱ्हाडीचा दांडा, कुदळीचा दांडा, तसा बंदुकीचा दांडा. लाकूड कोनतं?"

पुतण्या म्हणाला, "ओरिजिनल अक्रोडाचं असायचं." अक्रोडाचं लाकूड हलकं, चिवट, धक्का सोसणारं, एकदा नीट वाळलं की वाकत नाही, बंदुकीसाठी जगभर त्यालाच मान. पण वऱ्हाडात अक्रोड हा फक्त दिवाळीत, तोही किराणा दुकानात, पाव किलोच्या वर न दिसणारा पदार्थ. वाढई म्हणाला, "साग दाराले, खिडकीले. मार खानारं लाकूड पाह्यजे तं बाभूय." आणि तो उठून आमच्याच जुन्या गोठ्यात शिरला. तिथं वखराचं एक खोड पडलेलं होतं. बाभळीचं, त्यानंच केव्हा तरी घडवलेलं. बैल विकले तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं ते तिथं नुसतं वाळत होतं. त्यानं बोटाची गाठ त्यावर आपटली. ठण्ण. "हे पाहा. आता हे काई वाकत नाई बाप्पा."

तोवर गावात बातमी पोचली होती की भाऊ बंदूक करून रायले. एकेक जण येऊन उभा राहिला. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभं पीक साफ करतात, त्यामुळे बंदुकीबद्दल सर्वांना जिव्हाळा. "रोह्यावर चालन का हो?" एकानं विचारलं. पुतण्यानं खिशातून ती तुरीच्या दाण्याएवढी पांढरी गोळी काढून दाखवली. म्हाताऱ्यानं ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. "म्हनजे रोह्याले अजून तूर खाऊ घालाची," असं म्हणून त्यानं ती परत केली. गर्दी पांगली.

वाढयानं पेन्सिल कानामागे खोचली. "कोनाच्या हाताचा कराचा?"

पुतण्याला प्रश्न कळला नाही.

"अरे, दांडा म्हनजे का बाजारातली चप्पल हाय? रुमनं बी मानूस पाहून करा लागते. उंच मानसाले ठेंगनं रुमनं देलं तं सांजपर्यंत कंबर मोडते त्याची."

हे ऐकून पुतण्या हर्षानं उडीच मारायचा राहिला. कारण साहेबाच्या कारखान्यातही हेच होतं! थ्री नॉट थ्रीचा मागचा दस्ता एकाच मापाचा नसे. लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि सगळ्यांत आखूड तो बँटम. एकेकात अर्ध्या इंचाचा फरक. ज्याचा हात जसा तसा त्याला दस्ता. एवढं मोठं साम्राज्य, पण हाताचं माप घ्यायला विसरलं नव्हतं. (आम्हाला एन.सी.सी.त जो हाताला लागेल तो दस्ता मिळे, आणि गणवेशाचंही तेच. माझ्या अर्ध्या चड्डीत त्या काळी आणखी एक कॅडेट सहज मावला असता.)

मग पुतण्या जरा थांबला आणि म्हणाला, "बाबांच्या मापाचा करा."

वाढई गप्प झाला. मग मला म्हणाला, "भाऊ, उभे राहा." त्यानं माझा हात कोपरात दुमडला, कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत पट्टी लावली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. "मोठे भाऊ तुमच्याऊन दोन बोटं उंच. मी बॅट केली होती त्याहिले, अमेरिकेले जायाच्या आधी. हात तुमच्याऊन मोठा." मग त्यानं पुतण्याचा हात मोजला. दूध आणि कॉर्नफ्लेक्सवर वाढलेला हात. तो दादांच्याही पुढे अर्धा इंच. वाढयानं पट्टी खाली ठेवली.

"पोरा, खेळनार तू का बाप? बापाच्या मापाचा दांडा तुह्या खांद्यात बसनार नाई. मान वाकडी होईन. भितीले टांगाचा असन तं बापाचं माप घेतो. खेळाचा असन तं तुहं घेतो. इचार करून सांग. लाकूड एकच हाय."

त्या रात्री आम्ही वाशीमला परत आलो. जेवण झाल्यावर पुतण्या ओसरीवर बसला होता. काहीतरी विचारायचं आहे हे दिसत होतं, कारण त्यानं तीनदा मच्छरांबद्दल चौकशी केली. शेवटी म्हणाला, "काका, बाबांचा नेम खरंच चांगला होता?"

सौ. आतून भांडी आवरताना थांबली. अशा वेळी घरातली भांडीसुद्धा ऐकतात. मी त्याला सगळं सांगितलं. पाच गोळ्या, मिटलेले डोळे, कोरा कागद, शेजारच्याची सहा भोकं, सगळं. रात्री खोलीवर आल्यावर दादांनी कॉलरच्या हाडावरचा काळानिळा डाग मला दाखवला होता आणि 'आईला सांगू नकोस' म्हणाले होते, तेही सांगितलं. तो आधी गप्प बसला. मग हसायला लागला. इतका हसला, इतका हसला की समोरच्या घरातला दिवा लागला. डोळे पुसत म्हणाला, "दॅट्स हिम, काका. दॅट्स टोटली हिम." आणि थोड्या वेळानं, "पण लडाखला थोडक्यात राहिले, ते?"

"अकोल्याहून लडाखची गाडी नव्हती," मी म्हणालो.

सकाळी त्यानं वाढयाला फोनवर सांगितलं, माझं माप घ्या.

पुढचे नऊ दिवस आम्ही रोज गावाला. या बंदुकीचा दस्ता एकसंध नसतो. खांद्याला लागतो तो मागचा तुकडा वेगळा, नळीखालचा लांब तुकडा वेगळा, वर हात भाजू नये म्हणून पातळ झाकण वेगळं. मागच्या तुकड्याच्या लांबीतून आरपार एक भोक आणि त्यातून लांब बोल्ट जाऊन तो लोखंडाला आवळला जातो. फूटभर बाभळीतून सरळ भोक पाडायचं! पुतण्यानं विजेचं ड्रिल आणलं होतं. वाढयानं त्याला नमस्कार करून बाजूला ठेवलं आणि आपला बापाच्या वेळचा सामता काढला, दोरीच्या ओढीनं फिरणारा. नातवाला समोर बसवलं. "पाहात राय, वाकडं गेलं तं वरड." अर्धा दिवस गेला. भोक पलीकडे निघालं तेव्हा पुतण्यानं आपला आकडे दाखवणारा कॅलिपर लावला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

"किती चुकलं?" वाढयानं विचारलं.

"अर्धा मिलिमीटर."

"म्हनजे किती सूत?"

हिशेब केला. सुताचा सहावा भागही भरेना. वाढयानं तंबाखू मळायला घेतली.

वखराच्या खोडाला जानोळ्यांची जुनी भोकं होती. ती चुकवता चुकवता एक पुढच्या तुकड्यात आलंच. तिथं त्यानं बाभळीचीच खुंटी ठोकून घासली. जुन्या रायफलींच्या दस्त्याला उजव्या बाजूस पलटणीचा नंबर कोरलेली पितळी चकती असे, मधोमध स्क्रू मारलेली. तशी चकती कुठून आणायची? सौ.नं आईच्या डब्यातून भोकाचा पैसा काढून दिला, १९४०च्या दशकातला. स्क्रूसाठी भोक सरकारनंच पाडून ठेवलेलं.

राहिलं तेल. फौजेत दस्त्याला पॉलिश नसतं, जवसाचं कच्चं तेल चोळतात. ते लाकडात मुरतं आणि हवेनं घट्ट होतं. लाकडाच्या तेलाचा एक नेम जुन्या लोकांनी घालून दिलेला आहे: आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. (आमच्याकडे नवऱ्याच्या डोक्याला तेल घालण्याचा क्रमही साधारण हाच असतो.) आता जवस म्हणजे वऱ्हाडातलं घरचं पीक. लहानपणी जवसाच्या निळ्या फुलांची शेतं पाहिल्याचं मला आठवतं. पण आज वाशीम जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. तीन तालुके फिरून अखेर एका घाण्यावर जवसाचं तेल मिळालं. घाणेवाल्यानं विचारलं, "हार्टसाठी पाहिजे का? डॉक्टरनं सांगितलं?" पुतण्या म्हणाला, "बंदुकीसाठी." त्यानं पुढं काही विचारलं नाही. सौ.नं मात्र त्यातलं निम्मं आधी काढून घेतलं.

शेवटच्या दिवशी वाढयानं दस्ता हातात दिला. बाभळीचा तो तांबूस रंग तेल पिऊन असा काही उजळला होता की पुतण्या तो खांद्याला लावायचंच विसरला. लावला तेव्हा बरोबर बसला. मग वाढयानं टोकाच्या पितळी पट्टीचे दोन स्क्रू सैल केले. पट्टीच्या आत अर्ध्या इंचाची एक वेगळी लाकडी फळी होती. सांधा इतका बारीक की नखालाही लागत नव्हता.

"हे काढलं का मोठ्या भाऊचं माप," तो म्हणाला. "तेव्हा सांगतलं नाई, कारन जमन का नाई माहीत नव्हतं."

पैशांची बोलणी करताना पुतण्यानं डॉलरांत विचार केला आणि वाढयानं पायलीत. शेवटी आकडा ठरला तो दोघांनाही पटला नाही. पुतण्याला फार कमी वाटला, वाढयाला फार जास्त.

विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि अर्थातच बाजूला काढली गेली. पुतण्यानं सगळं खरं खरं आणि फार सविस्तर सांगितलं. साहेब जरा वयस्कर होते. त्यांनी गुंडाळलेला टॉवेल सोडला, दस्ता उचलला, आणि त्यांचा उजवा हात आपोआप जिथं जायला हवा तिथं गेला. "थ्री नॉट थ्री," ते म्हणाले. "हमारी ट्रेनिंग में यही थी." मग पुतण्याला धरायची खरी पद्धत दाखवली, अंगठा चुकतो म्हणून रागावले, मागची रांग खोळंबली, आणि शेवटी नाकाजवळ नेऊन वास घेत विचारलं, "अलसी का तेल?"

परवा पुतण्याचा फोन आला. पहिल्याच लढाईत, सातव्या मिनिटाला त्याला गोळी लागली आणि त्यानं हात वर केला. खेळ संपल्यावर सारी फौज, दोन्हीकडची, त्याच्याभोवती जमली. लाकूड कोणतं, म्हणून प्रत्येकानं विचारलं. त्यानं 'बाभूळ' सांगितलं आणि ते उच्चारायला शिकवण्यातच जेवणाची सुट्टी गेली. दोघांनी किंमत विचारली.

मी वाढयाला जाऊन सांगितलं. तो ओट्यावर नातवाला रंधा कसा धरायचा ते दाखवत होता. दस्त्याचा पुठ्ठ्याचा फर्मा त्यानं भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलेला दिसला.

"देऊ ना," तो म्हणाला. "पन त्याहिले म्हना, आधी हाताची मापं धाडा."